करून दाखवा

मानेवर कुणाची तरी बोटं टेकली आणि ती दचकली. कोर्टाच्या तळमजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात, कडेकडेनं काळ्या पडलेल्या आरशासमोर, दोन्ही हात मागे नेऊन ती गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीचा आकडा अडकवत होती आणि आकडा काही केल्या लागत नव्हता. "थांबा ताई, मी लावते," असा मागून आवाज आला आणि आवाजामागून बोटं आली. नुकतीच धुतलेली, ओली, गार बोटं. पण टेकली ती अशी, की आधी मानेला विचारून मग टेकावीत. केस बाजूला झाले. एक बट कॉलरमध्ये अडकली होती, ती ओढली नाही, सोडवली. आकडा लागला कधी ते कळलंही नाही. मानेला एवढंच कळलं, की कुणीतरी हात लावला आणि कुठेच दुखलं नाही. तिला हात लावतच कोण होतं? आई अंथरुणाला खिळल्यापासून तीच सारखी हात लावत होती, उचलत होती, कुशीवर वळवत होती, पुसत होती, सकाळी कोर्टाआधी आणि संध्याकाळी कोर्टानंतर. मधल्या वेळात शेजारच्या काकू डोकावून जायच्या. आजही सकाळी असंच झालं होतं. उशीर झाला होता, बाहीतून आईचा हात निघत नव्हता, आणि तिनं तो ओढला होता. आई ओरडली नाही. नुसती म्हणाली, "अगं चिमे, हात आहे तो. दोर नाही." चिमी म्हणजे चिमणी. चाळिशी उलटलेल्या, लोकांना पिंजऱ्यात उभं करून घाम फोडणाऱ्या बाईला या नावानं हाक मारणारं जगात आता एकच तोंड उरलं होतं, आणि तेही अर्धं वाकडं.

"लागलं एकदाचं," आरशात मागची बाई हसली. वयानं तिच्याहून थोडी मोठी असेल. साधी, विटक्या फुलांची साडी, केस चापूनचोपून बांधलेले, चेहरा असा की रस्त्यात पत्ता विचारावा. "आमच्या आजोबांची बटणं लावून लावून सवय झालीय मला. ते तर मान पण वळवतात. तुम्ही निदान उभ्या राहिलात." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तुम्ही वकील ना ताई? मी पहिल्यांदाच आलेय हो इथं. आत बसायचं असतं का उभं राहायचं?"

"उभं."

"पाणी मागितलं तर देतात?"

"देतात."

"आणि साहेब रागावतात का? न्यायाधीश?"

"नाही रागावत. खरं सांगायचं फक्त."

"ते सोपं आहे," बाई म्हणाली. "खरं काय, पाठ करावं लागत नाही. आजारी माणसांना सांभाळते मी, त्यांच्या घरी राहून. सगळे मावशीच म्हणतात. आता कामाला पाठवणाऱ्या संस्थेनं घरी बसवलंय. केस खरी ठरली तर परत काम देऊ म्हणाले. खोटी ठरली तर नाही. त्यांचं तरी काय चुकलं? खोटं बोलणाऱ्या बाईला कोण आपल्या म्हाताऱ्या माणसाजवळ निजू देईल?" आणि बोलता बोलता तिनं पदराचं टोक उजव्या मनगटावर ओढून घेतलं, थंडी नव्हती, तरी घेतलं, उघड्यावर ठेवलेलं काही झाकावं तसं.

तेव्हा तिला कळलं. ही तीच. आज जिची उलटतपासणी घ्यायची ती फिर्यादी, कागदावर वय, पत्ता आणि दुखापत एवढीच असलेली. आणि तिची ओली बोटं अजून आपल्या मानेवर सुकतायत. म्हणायला एक लहानसं वाक्य होतं. बाई, मी समोरच्या बाजूची. एवढंच. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं, ओठांच्या आत उभं राहिलं. नळ ठिबकत होता. कुणीतरी दार ढकलून आलं, कुणीतरी गेलं. तिनं आरशात पट्टी उगाचच सरळ केली, "थँक्यू," म्हणाली आणि बाहेर पडली. आपण काही खोटं बोललो नाही, हे तिनं जिना चढता चढता स्वतःला सांगितलं. सांगावं लागलं, तिथंच काहीतरी चुकलं होतं.

वर व्हरांड्यात तिचा अशील वाट बघत होता. विजेच्या सामानाचं दुकान असलेला, पोट सुटलेला, रात्र रात्र न झोपलेल्या डोळ्यांचा माणूस. कोर्टात यायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि बाहीची घडी उलटी मोडली होती. वाईट माणूस म्हणावा असा तो नव्हता, हीच तर अडचण होती. पहिल्याच भेटीत त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. त्याचे वडील वेडेपिसे व्हायचे, स्वतःलाच ओरबाडायचे. त्या दिवशी तो मावशीला म्हणाला, बांधा त्यांचे हात पलंगाला. मावशी म्हणाली, मी बांधणार नाही, मी बसते धरून. तो म्हणाला, घर माझं आहे. ती दारात आडवी उभी राहिली. "मग मी तिचा हात धरला मॅडम. मुरगळला. दारावर आपटली ती. एका मिनिटाचा राग हो! आयुष्यात कुणाला चापट मारली नाही मी." आणि पुढे, खाली बघत, "बाबा रोज विचारतात, मावशी कुठे गेली म्हणून. काय सांगू त्यांना?" तिनं तेव्हा त्याला पाण्याचा पेला दिला होता आणि सांगितलं होतं, कोर्टात तुम्ही काही बोलायचं नाही, सिद्ध करायचं काम त्यांचं आहे, आपलं नाही. हे अगदी बरोबर होतं. पुस्तकातलं होतं. आज सकाळपर्यंत ते एखाद्या घट्ट झाकणासारखं नीट बसलेलं होतं. आईचा हात बाहीतून ओढताना त्याचे आटे कुठेतरी घसरले असावेत.

"होईल ना मॅडम?" त्यानं विचारलं. "दुकानाच्या परवान्याला अडचण येते म्हणतात शिक्षा झाली की."

"बघू," ती म्हणाली. तिला त्याच्या हातांकडे बघायचं नव्हतं. तिनं बघितलं. जाड, स्वच्छ नखांचे, वायरी सोलून सोलून चरे पडलेले हात. ते एकमेकांना धरून बसले होते.

ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते सर म्हणायचे, उलटतपासणीत साक्षीदाराला कधी 'करून दाखवा' म्हणायचं नाही. जीभ आपल्या ताब्यात ठेवता येते, हात नाही. त्याला कारण होतं. सरांनी तरुणपणी एकदा एका दूधवाल्याला विचारलं होतं, कशी मारली थोबाडीत, दाखवा जरा. आणि त्या भल्या माणसानं भर कोर्टात अशी सणसणीत दाखवली, की सरांचा चष्मा शिरस्तेदाराच्या टेबलाखाली सापडला. ही गोष्ट वकिलांच्या खोलीत चहाबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आली होती, सर स्वतःच ती सांगायचे, चष्मा काढून, गाल पुढे करून, आणि म्हणायचे, "पोरांनो, न्यायाचा एवढा जवळून अनुभव नको." सगळे हसायचे. तीही हसायची. नियम मात्र हाडात मुरला होता. हात मागायचा नाही. मागायचा तर तो काय करील हे आधीच ठाऊक असलं पाहिजे. आणि या जगात कुणाच्या हाताचं कुणाला आधी ठाऊक असतं? व्हरांड्यातल्या बाकावर फाइल उघडून ती बसली होती, डोळे ओळींवरून चालले होते, आणि मानेवर, आकड्याच्या जागी, कुणीतरी हळूच म्हणत होतं: तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. एका क्षणी तिनं पेन टिपणाच्या शेवटी टेकवलं आणि काहीच न लिहिता उचललं. लिहायची गरज नव्हती.

पुकारा झाला. खोली लहान, पंखे उंच, खिडक्यांच्या काचा रंगानं पांढऱ्या केलेल्या, त्यामुळे आतला उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. मावशी पिंजऱ्यात चढली, शपथ घेताना एका शब्दाला अडखळली, परत नीट म्हणाली. सरकारी वकील कंटाळलेला, सज्जन तरुण होता. त्यानं तिच्याकडून सगळं ओळीनं वदवून घेतलं. हात धरला, पिरगळला, ढकललं. दवाखान्यात गेले. सूज होती. मग तो बसला आणि ती उलटतपासणीला उठली. मावशीनं मान वळवली, तिला पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. हे वकीलबाईनं गृहीत धरलं नव्हतं. साक्षीदार घाबरतो, चिडतो, गोंधळतो, ते सगळं तिनं पाहिलं होतं. पण गर्दीत चुकलेल्या मुलाला घरचं माणूस दिसावं तसं, अनोळखी चेहऱ्यांच्या खोलीत एक ओळखीचा चेहरा दिसला म्हणून कुणी तिच्याकडे बघून हसलं नव्हतं. ते हसू पुढे हळूहळू कसं विझलं हेही तिनं पाहिलं. ते एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं. ओठांवर, निघून जायला सवड न मिळाल्यासारखं, बराच वेळ तसंच राहिलं.

"आजोबांचं वजन बरंच असेल, नाही?"

"हो ताई."

"मॅडम म्हणा," शिरस्तेदार म्हणाला.

"हो मॅडम. भारी अंग आहे."

"त्यांना उचलताना, वळवताना मनगट लचकतं कधी?"

"लचकतं की. सगळ्यांचंच लचकतं."

"त्या आठवड्यात लचकलं होतं?"

मावशीनं विचार केला. खरंच विचार केला. आठवणीच्या डब्यात हात घालून तळापर्यंत पाहिलं. "थोडं दुखत होतं," ती म्हणाली. "पण हे वेगळं—"

"विचारलं तेवढंच सांगा." हे वाक्य तिनं मऊ आवाजात म्हटलं. मऊ आवाज ती कामासाठी वापरते, हे तिचं तिलाच त्या क्षणी ऐकू आलं. मग ती पुढे झाली, पिंजऱ्याच्या कठड्यापर्यंत, कोटाची बाही वर सारली आणि आपला उजवा हात कठड्यावर ठेवला, तळवा वर, भाजी तोलायला ठेवावी तसा. मागे वकिलांच्या बाकांजवळ कुणीतरी खुर्ची सरकवली. दूधवाल्याची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती. "आरोपीनं तुमचा हात कसा धरला, ते माझ्या हातावर करून दाखवा."

मावशी हाताकडे बघत राहिली. "तुम्हाला लागेल ना," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. न्यायाधीश, चष्म्यावरून, थकलेल्या चांगुलपणानं म्हणाले, "दाखवा बाई. वकीलबाईंची तयारी आहे."

आणि मावशीनं तिचा हात धरला. काय सांगावं तो धरणं! आई तिला लहानपणी न्हाऊ घालताना गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं, दरवेळी थोडं बदलणारं: लेकीचा माझ्या हात, जशी दुधावरची साय, किती हळू धरू बाई, मोडेल की काय. ते शब्द कित्येक वर्षांत आठवले नव्हते; ते कोर्टात, पांढऱ्या काचांच्या उजेडात, कठड्यावर येऊन उभे राहिले. मावशीची बोटं मनगटाभोवती आली, नाडीवर एक क्षण थांबली, जणू बरं आहे ना हे बघितलं, आणि मग तिनं हात पिरगळायचा प्रयत्न केला. प्रयत्न केला हे फक्त दोघींनाच कळलं. बोटांच्या आत काहीतरी घट्ट व्हायला निघालं आणि वाटेतच अडलं. हात जरासा वळला, झोपलेल्या माणसाचा वळवावा तसा. इतक्या वर्षांत त्या बोटांनी दुसऱ्या कुणाला दुखवायचं शिकूनच घेतलं नव्हतं, आणि आता, ज्या एका वेळी त्याची गरज होती, त्यांना ते येत नव्हतं. मावशीच्या कपाळावर घाम आला. "असं," ती म्हणाली, आणि लगेच, "नाही, असं नाही. जोरात होतं ते. मला नाही येत तसं."

"एवढंच धरलं होतं?"

"नाही हो ताई. तुम्ही समजून घ्या ना. मला तसं—"

"तुम्ही आत्ता जे करून दाखवलं, त्यानं मला दुखलं का?"

मावशी तिच्याकडे बघत होती. आता ओठांवरचंही गेलं होतं. पण डोळ्यांत राग आला नाही, तो आला असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त एक प्रश्न होता, आणि तो खटल्याबद्दलचा नव्हता. "नाही," मावशी हळूच म्हणाली. "तुम्हाला कशाला दुखवू मी?"

बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशही ओठ दाबून हसले आणि त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, साक्षीदारानं प्रात्यक्षिक करून दाखवलं, पकड सौम्य असल्याचं दिसून आलं. यंत्र खडखडलं. सौम्य. तिनं हात कठड्यावरून उचलला आणि बाही खाली ओढली. मग लक्षात आलं, की खाली स्वच्छतागृहात मावशीनं पदर ओढला होता तो याच मनगटावर, अगदी असाच.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. वकिलांच्या खोलीत तिचं कौतुक झालं. "बाई, सरांचा नियम मोडलात आणि चष्मा शाबूत!" कुणी म्हणालं. "धाडस लागतं," दुसरं कुणी. ती हसली, हसताना गाल जागच्या जागी राहिले. धाडस कसलं, तिला म्हणायचं होतं, मी पत्ते बघून खेळले. पण ते कुणाला सांगायचं, आणि सांगून काय? नियम कुठला मोडला होता? कुणीही विचारलं असतं तर तिनं एकेक पान उलटून दाखवलं असतं, की बघा, कुठेही डाग नाही. डाग कागदावर नव्हताच. तो कुठं होता ते तिला बोट ठेवून सांगता आलं असतं, पण त्या जागेपर्यंत तिचे स्वतःचे हात सकाळीही पोचले नव्हते.

बाकीच्या साक्षी आधीच झाल्या होत्या; दुपारीच निकाल झाला. संशयाचा फायदा, आरोपी निर्दोष. साहेब एका दमात वाचून पुढच्या फाइलकडे वळले. मागच्या बाकावर मावशी बसली होती, ती उठली नाही. कुणीतरी तिला समजावून सांगावं म्हणून वाट बघत राहिली. सरकारी वकील वाकून दोन शब्द बोलला. "म्हणजे मी खोटं बोलले, असं?" तिनं विचारलं, मोठ्यानं नाही, खरोखर माहिती हवी म्हणून विचारावं तसं. "तसं नाही हो, पुरावा कमी पडला," तो म्हणाला. "पण संस्थेत तेच समजणार ना," मावशी म्हणाली, पिशवी उचलली आणि चुकीच्या दाराकडे गेली, परत फिरली, बरोबर दारातून बाहेर पडली. वकीलबाईजवळून जाताना मावशी थांबलीसुद्धा नाही; फक्त तिची नजर तिच्या गळ्याकडे गेली, पट्टी सरळ आहे का बघायला, सवयीनं, आणि लगेच खाली वळली.

व्हरांड्यात दुकानदारानं तिला गाठलं. त्याचे डोळे भरले होते. "मॅडम, मॅडम," एवढंच त्याला म्हणता येत होतं, आणि ते पुरेना म्हणून त्यानं तिचा हात धरला. उजवा. मनगटाला. कृतज्ञतेनं, दोन्ही हातांनी, सगळं अंग त्यात घालून. हाड हाडावर घासलं, बोटं मुंग्या येऊन पांढरी पडली. "लागलं का?" तो घाबरून म्हणाला आणि सोडलं. "नाही," ती म्हणाली. तिथं तांबडे वळ उठत होते. साक्षीत जे आलं नव्हतं ते आता आलं होतं, वेळ टळून गेल्यावर, जिथं टंकलेखक नव्हता. तो बापडा अजून बोलत होता; बाबांना काय सांगू आता, मावशीला परत बोलावलं तर येईल का हो ती, तुम्ही विचारून बघाल? तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. काकू खिडकी उघडून ठेवून गेल्या होत्या, पडदा आत बाहेर श्वास घेत होता. "आलीस चिमे?" आई म्हणाली. "जिंकलीस?"

"हो."

"मग तोंड का असं? हरल्यासारखं?"

तिनं कोट काढला. पट्टी काढायला हात मागे नेले, आकडा चाचपला आणि हात तसेच खाली आणले. राहू दे म्हणाली मनात. पाणी कोमट केलं, टॉवेल भिजवून पिळला, आईच्या शेजारी बसली. आईच्या उजव्या मनगटावर, कातडी कागदासारखी झाली होती तिथं, सकाळची निळसर खूण होती. लहान, अंगठ्याएवढी. ती आपलीच, हे तिनं ओळखलं. मग तिनं आईचा हात हातात घेतला. आधी बोटं नुसती टेकवली आणि थांबली. नाडी लागेपर्यंत थांबली. बाही खालून, कोपर सोडवून, ओढू नको, सोडव, असं स्वतःला आतल्या आत सांगत, मावशीनं जसं धरलं होतं तसं, अगदी तसंच. आईचा हात बाहीतून निघाला कधी ते कळलंही नाही.

आईनं डोळे मिटले होते. चेहऱ्याच्या चांगल्या बाजूवर काहीतरी सैल झालं. "आज हात कुणाचा आणलास गं?" ती म्हणाली.

"माझाच आहे आई."

दिवसभर कोर्टापुढे ती एकही खोटं वाक्य बोलली नव्हती.

"चल," आई म्हणाली, डोळे न उघडता. "तुझा मी ओळखत नाही होय?" पडदा आत आला, बाहेर गेला. टॉवेल हातात गार होत चालला होता, आणि तो पुन्हा भिजवायचा तर आईचा हात खाली ठेवायला हवा होता. "ज्या बाईचा आहे," आई झोपेत शिरता शिरता म्हणाली, "तिला म्हणावं, उद्याही ये."